साहेबांनी ओळखलं नाही

मु. आसरवाडी, ता. गेवराई
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. मोहनला आक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिवताना ह्या टायमाला हात अडला. पण तू माझ्या पाठचा, माझ्या कडंवर वाढलास, तवा तेवढा तरी लिवलाच पायजे.

फोन कावून केला न्हाई म्हणशील. तुझा फोन पीएकडं असतो. आन तू सोता बोलाय लागलास की माझा राग इरघळून जातो, लई गोड बोलतोस तू. म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं उकरून काढून लिवाय बसले.

परवा समाजमंदिराचं उद्घाटन झालं तवा मी बायांत म्होरंच बसलते. तू भाषणाला उठलास आन पाठीमागून नवनाथ उठला. म्हणाला, "साहेब, येक बोलू का?" कुणी नको म्हणालं न्हाई. मग बोलला, "साहेब, नदीत वाळू राहिली न्हाई. शाळंच्या रस्त्यानं वाळूच्या गाड्या पळत्यात. मागं विमलबाईचं शेरडू चेंगरलं, उद्या लेकरू चेंगरंल. गाड्या कुणाच्या हायत ते तुमाला ठाऊक हाय. बंद करा म्हणा त्यांना." एवढंच. शिवी न्हाई, घोषणा न्हाई.

तुझ्या मागं तुझा लेक बजरंग हुबा व्हता. त्यानं नुसती मान हलवली. चार पोरं धावली, नवनाथला खुर्च्यांतून वढत नेलं. हात पिरगाळला तवा कडकन आवाज झाला, तो मी आयकला. सगळा मांडव तुझ्याकडं बघाय लागला. मला वाटलं, आता माझा मोहन गरजंल. दुष्काळात रोजगार हमीच्या बायांची मजुरी अडली तवा कलेक्टरच्या जीपंम्होरं आडवा पडला व्हता, तो मोहन.

तू माईक धरलास आन म्हणालास, "कोण आहे हा माणूस? मी याला ओळखत नाही. विरोधकांनी पाठवलेला दिसतो." मग म्हणालास, "असो. आपण विकासावर बोलू."

मला आता कमी आयकू येतं. माझी चूक झाली असंल तर सांग. मी देवाला तेच मागते, की माझीच चूक असू दे.

नवनाथ कोण हे तुला लिवावं लागावं, ही बी शरमंचीच गोष्ट हाय. भिमाबाई वाव्हळचं पोरगं. तू पयल्यांदा खासदारकीला हुबा राहिलास तवा तुझ्या मागं कुणी न्हवतं. हा पोरगा तुला त्याच्या लुनावर घेऊन गावोगाव हिंडला. सहाच्या सहा निवडणुकांत तुझं नाव भिंतीभिंतीवर त्यानं रंगवलं. त्या पयल्या वक्ताला भिमाबाईच्या घरी जेवलास म्हणून आपल्या दादानं तुला आठ दिस घरात घेतला न्हवता, आन त्याच गोष्टीनं तुझं नाव झालं.

त्याचा उजवा हात मोडलाय. पत्र टाक.

तुझी
आक्का (तुळजाबाई)

*

नवी दिल्ली
२७ डिसेंबर

तीर्थरूप आक्कास मोहनचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर बघूनच बरं वाटलं. इथे थंडी फार आहे, सकाळी दोन शाली लागतात.

त्या दिवशीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. भोंगे नीट नव्हते, सगळ्यांनाच अर्धवट ऐकू आलं. मी असं म्हणालो की, "हा माणूस कोणाच्या सांगण्यावरून बोलतोय, मला माहीत नाही." यात काही वावगं नाही. निवडणूक तोंडावर आहे आणि विरोधक माणसं फोडतात. नवनाथ भोळा आहे, त्याला कोणीतरी भरवलं असणार. बजरंगचं म्हणणं, तो त्या दिवशी प्यायलेला होता. मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवला गेल्याचं कळलं. कार्यक्रम सरकारी होता, पोलिसांचाही नाइलाज असतो. मी ठाण्याच्या साहेबांशी बोलतो. दवाखान्यात डॉक्टरांनाही फोन करायला लावला आहे. फळं पाठवली आहेत.

आक्का, सहा वेळा लोकांनी मला निवडून दिलं. एक डाग नाही. या वेळी मी उभा राहणार नाही, बजरंगला उभं करायचं घाटतंय. या वयात माझं नाव स्वच्छ राहावं एवढीच इच्छा आहे. तू गावातली मोठी. नवनाथच्या घरी जाऊन चार शब्द समजुतीचे सांग. तुझं ते ऐकतील.

गुडघ्याचं तेल पीएबरोबर पाठवतो.

तुझा
मोहन

*

आसरवाडी
भोगीचा दिवस

चि. मोहनला आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून गेले मी नवनाथकडं. जायच्या आधी शेजारच्या मंजुळाबाईनं तिच्या मोबाईलवर त्या दिवसाचा व्हिडिओ दावला. तीनदा बघितला. माझ्या कानाची चूक न्हवती.

भोंग्याला दोष देऊ नको, मोहन. भोंगे चांगले व्हते. तुझा आवाज वड्यापर्यंत गेलता.

आन प्यायला म्हणं! नवनाथ दारूला शिवत न्हाई, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. दर निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी बाटल्या वाटायचं काम तू त्याला देत न्हवतास, कावून, तर तो करायचा न्हाई म्हणून.

त्याला दवाखान्यातनंच उचलून नेला. मोडल्या हातानं चार दिस कोठडीत व्हता. आता जामिनावर हाय. हात वाकडा बसलाय, बोटं मिटत न्हाईत. रंगाचा ब्रश धरला तर पडतो. बायकोमागं त्यानं ह्याच हाताच्या कामावर पोरीला, ज्योत्स्नाला, शिकवली.

मी उंबऱ्यात हुबी राहिले. ज्योत्स्नानं सतरंजी टाकली, पाणी दिलं. तू पाठवलेली फळं कोपऱ्यात टोपलीत तशीच सडली व्हती. काय बोलू? म्हणलं, "नवनाथ, मोहनचं चुकलं." तर तो काय म्हणाला माहीत हाय का?

म्हणाला, "न्हाई आक्का, साहेबांची काय चूक. थंडीचं मी मफलर बांधला व्हता. तोंड झाकलं व्हतं. इतक्या माणसांत साहेबांनी मला वळखलं न्हाई. वळखलं असतं तर पोरांना आवरलंच असतं की."

ज्योत्स्ना उठून आत गेली. मी सतरंजीकडं बघत बसले. माझं वय एक्याऐंशी. नवरा गेला तवा, माहेरी परत आले तवा, भावजयीचं बोलणं खाल्लं तवा बी मान खाली गेली न्हवती. त्या दिशी गेली.

आता मी दुकानाला मागच्या बोळातनं जाते. बाया मला काय म्हणत न्हाईत, त्याचंच वाईट वाटतं.

तुला येकच सांगते. गेवराईच्या ठाण्यात ये आन लिहून दे, की ह्याला मी वळखतो, ह्यानं दंगा केला न्हाई, नुसतं इचारलं. सहा वेळा लोकांनी तुला तिकडं बोलायला धाडलं. आता हितं येकदा बोल.

आक्का

*

नवी दिल्ली
२९ जानेवारी

आक्का,

तुझं पत्र आल्यापासून दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा भाषण झालं. फाडून टाकलं. आता सरळ लिहितो.

मी त्याला ओळखलं होतं. तो उठायच्या आधीच ओळखलं होतं. उठताना तो गुडघ्यावर हात देऊन उठतो, तसा त्या गर्दीत दुसरा कोणी उठत नाही. मफलरचं त्याला तसंच वाटू दे. तेवढंच एक चांगलं उरलंय.

तो बोलत असताना बजरंगने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं असेल, मुलगा बापाला आधार देतोय. तो हात जड होता, आक्का. मी काय बोलतोय ते बोलताना मला कळत होतं. जीभ घसरली असं म्हणायची सोय नाही. एका क्षणात मी हिशेब केला की नवनाथ काही करणार नाही, बजरंग करेल. आणि जो काही करणार नव्हता, त्याला मी सोडून दिलं.

माझ्या घरात माझ्या मुलाच्या खोलीत जाताना मी दार वाजवतो. तो माझ्या खोलीत येताना वाजवत नाही. किती वर्षं झाली ते आठवत नाही.

हे एका दिवसात झालं नाही. पहिल्या वेळी नवनाथच्या लुनावर फिरलो, ते खरं. दुसऱ्या वेळी कारखानदारांच्या जीपा आल्या आणि नवनाथ मागच्या जीपमध्ये बसू लागला. नंतर मागच्या जीपमध्येही जागा नसायची. एकदा गेवराईच्या स्टँडवर तो आमच्याच सभेला जायला एसटीची वाट बघत उभा होता. मी पाहिलं. त्याने हात केला. मी गाडीची काच वर केली. इथे सभागृहात मी गोदावरीच्या पाण्यावर बोललो, बंधाऱ्यांवर बोललो, पूरग्रस्तांवर बोललो. वाळूवर कधी बोललो नाही. वाळू घरातच होती.

तू म्हणतेस ते करायला हवं. पण आत्ता नाही. उमेदवारांची यादी मार्चमध्ये येईल. आत्ता मी ठाण्यात गेलो तर बजरंगचं तिकीट जाईल आणि मग त्या पोराचा राग कोणावर निघेल, सांगता येत नाही. मार्चपर्यंत थांब. तिकीट जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी येतो. गुन्हाही मागे घ्यायला लावतो. दोन महिन्यांत काय बिघडणार आहे?

नवनाथला सांग, साहेब येणार आहेत.

मोहन

*

आसरवाडी
२१ फेब्रुवारी

मा. खासदार मोहनराव साहेब यांस,

मी ज्योत्स्ना नवनाथ वाव्हळ. तुमच्या शिक्षण संस्थेच्या गेवराईच्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवत होते. "होते" असं लिहिण्याचं कारण पुढे सांगते.

तुळजाआजींनी तुमचा निरोप बाबांना सांगितला, "साहेब मार्चमध्ये येणार आहेत." बाबा खूश झाले. रोज विचारायचे, आज तारीख काय.

त्यांना मार्चपर्यंत थांबू दिलं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या कार्यालयात मला बोलावलं. सचिव म्हणून तुमचे चिरंजीव बसले होते. म्हणाले, "मॅडम, कड्याच्या शाळेत गणिताला माणूस नाही. उद्यापासून तिकडे जा. वडिलांना एकटं सोडवत नसेल तर त्यांना सांगा, माफी मागा. गुन्हाही जाईल, बदलीही जाईल." कडा आमच्या गावापासून किती लांब आहे, तुम्हाला ठाऊक आहे. बाबांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही.

मी घरी काही बोलले नव्हते. त्यांना दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी शाळेत असताना ते एकटे ठाण्यात गेले. "माझ्या हातून गैरवर्तन झाले, मी साहेबांची व बजरंगदादांची माफी मागतो," असं तिथे आधीच टाइप केलेलं होतं. त्यांनी डाव्या हाताने सही केली. बारा गावांच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाची ती सही शिपायाला वाचता आली नाही, म्हणून अंगठाही घेतला.

गुन्हा मागे घेतला जाईल. माझी बदली रद्द झाली. काल मी राजीनामा दिला. बाबांनी मान खाली घालून मिळवलेल्या खुर्चीत मला बसता येणार नाही. शिकवणी घेईन, दुसरं काही करेन.

आता तुम्ही ठाण्यात जाऊ नका. त्याचा उपयोग नाही. माझं एकच सांगणं आहे. आमच्या आजीच्या घरी तुम्ही एकदा जेवलात. ते तुम्ही प्रत्येक भाषणात सांगितलंत, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही सांगितलंत आणि टाळ्या झाल्या. माझी आजी आयुष्यभर कितीतरी माणसांना जेवू घालायची. तिने कोणाला सांगितलं नाही. यापुढे ती गोष्ट सांगू नका. ती तुमची नाही.

ज्योत्स्ना वाव्हळ

*

बीड
१२ मार्च

आक्का,

त्या मुलीचं पत्र मिळालं. तुला तिने दाखवलं की नाही, माहीत नाही. दोन महिन्यांत काय बिघडणार, असं मी तुला विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यात होतं.

तिने ठाण्यात जाऊ नका म्हटलं होतं, तरी मी गेलो. तिथल्या इन्स्पेक्टरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, "माझा जबाब घ्या." ते हसले. "साहेब, प्रकरण मिटलंय. आता कशाला?" मी बोलत राहिलो, त्यांनी पेन उचललं नाही. मी बाहेर पडायच्या आत बजरंगला फोन गेला होता.

मग एकच जागा उरली. जिथे खोटं बोललो तिथेच, माईकवर. काल गेवराईच्या बाजार समितीच्या मैदानावर बजरंगच्या उमेदवारीचा मेळावा झाला, तो तू ऐकला असशील. मला आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो:

"आसरवाडीत त्या दिवशी मी खोटं बोललो. नवनाथ वाव्हळला मी तीस वर्षं ओळखतो. त्याने विचारलेलं खरं होतं. त्या गाड्या माझ्या मुलाच्या आहेत. त्याचा हात मोडला तेव्हा मी बघत होतो."

मला वाटलं, झालं, सुटलो. मला खरंच तसं वाटलं, आक्का. अंगावरून ओझं उतरल्यासारखं.

मग बजरंग पुढे आला. चिडला नाही. त्याने मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी आणलं. माईक माझ्या हातातून अगदी हळू काढून घेतला आणि म्हणाला, "मायबाप हो, माफ करा. साहेबांचं वय झालंय. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना आठवण राहत नाही. कुठलं कुठं जोडतात. ज्या माणसानं तुमच्यासाठी जिंदगी घातली, त्याची ही अवस्था बघून लेकराच्या काळजाला काय होतं, ते माझं मला माहीत."

लोक हळहळले. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्याला लावला. कोणीतरी ओरडलं, "साहेब तुम आगे बढो!" मी हातवारे करत होतो, माईकशिवाय ओरडत होतो. त्यामुळे त्याचं म्हणणं आणखीच खरं वाटलं.

ओळखत नाही म्हणालो, तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. ओळखतो म्हणालो, तर वेड लागलं.

आज डॉक्टर आले होते. आज वार कोणता, मुलाचं नाव काय, असं विचारत होते. मी दोन्ही बरोबर सांगितलं. तरी गोळ्या लिहून दिल्या. फोन काढून घेतलाय. ड्रायव्हर अजिनाथ हे पत्र पेटीत टाकेल.

हे सगळं मी लिहितोय खरं, पण लिहिताना शंका येते. काल मी खरं बोललो ते नवनाथसाठी, की त्या मुलीच्या पत्रानंतर मला माझं तोंड बघवेना म्हणून? तिचा विचार मी ठाण्यातही केला नाही, मैदानावरही नाही. "सुटलो" असं मला वाटलं, म्हणजे मी माझ्यापुरतंच बघत होतो. तुला काय वाटतं?

मोहन

*

आसरवाडी
धुळवडीचा दुसरा दिवस

चि. मोहनला आशीर्वाद.

मी व्हते तिथं. तुला दिसले नसंन. हनुमान टेलरच्या टेम्पोत बसून आमी चार बाया गेलतो. तू बोललास ते समदं आयकलं. बजरंगनं तुला मिठी मारली तवा मी उठले, हात वर केला, म्हणलं, "तो येडा न्हाई, मी त्याची भैन हाय." कुणाचं ध्यान न्हवतं. शेजारची बाई म्हणाली, "बसा आजी, ऊन लागंल."

तू येडा न्हाईस, हे मला ठाऊक हाय. लहानपणी खोटं बोलून मग खरं सांगायला आलास की तुझा गळा असाच फुटायचा.

तू इचारलंस नवनाथसाठी बोललास का सोतासाठी. मला एवढं मोठं कळत न्हाई. पण नवनाथनं तो व्हिडिओ बघितला. गावातली माणसं त्याच्या अंगणात बसली व्हती, म्हणाली, "साहेबांचं डोकं फिरलं." मला वाटलं, आता नवनाथ म्हणंल, न्हाई रे, साहेब तसे न्हाईत. दरवेळी तोच तर तुझी बाजू घ्यायचा. त्यानं मोबाईल परत दिला आन गोठ्याकडं गेला. मफलरचं बी आता कुणाला सांगत न्हाई. तुझ्या तोंडूनच आयकलं ना त्यानं, की तू वळखलं व्हतंस.

ज्योत्स्ना आपल्या जुन्या पडवीत पोरांच्या शिकवण्या घेती. मी जागा देते म्हणलं, तर म्हणाली, "आजी, भाडं घेणार असाल तर बसते." घेते म्हणलं.

गाड्या बंद झाल्या न्हाईत. उलट वाढल्या.

तू ये. बजरंग सोडंल का न्हाई माहीत न्हाई, पण अजिनाथला सांग आन ये. खासदार म्हणून येऊ नको, बोर्ड लावलेली गाडी आणू नको. हितं राहा. खाट हाय, घोंगडी हाय.

नवनाथच्या घरी मी तुला घेऊन जाणार न्हाई. तू म्हणशील, आक्का, तू म्होरं हो, तू बोल. न्हाई. येकदा बोलले तुझ्या वतीनं, ती मान अजून वर झाली न्हाई. तुझा तू जायचंस. काय लिवून नेऊ नको, पाठ करून नेऊ नको. दारात हुबा राहा. आत घेतलं तर जा. न्हाई घेतलं तर थोडा टाईम हुबा राहून माघारी ये.

मी जेवायची थांबते.

आक्का